रिकामी मेट्रो, भरलेली मेट्रो अन् वाचनालयाचं लाईट बिल

मागच्या अंकात म्हटलं होतं की शाळा, दवाखाने, वाचनालयं, समाजभवनं यांची वीज अन् शहरातली बस-मेट्रो याबद्दल जे विचारायचं ते विचारा. नागपूरचा उन्हाळा डोक्यावर असल्यामुळे निम्म्या पत्रांत कूलरच आहे. सगळ्यांची उत्तरं जागेत बसत नाहीत, म्हणून जे प्रश्न बऱ्याच जणांनी फिरवून फिरवून विचारले तेच घेतले. नावं दिली नाहीत, फक्त वस्ती दिली आहे.

प्रश्न: नमस्कार सर, आमचं छोटं सार्वजनिक वाचनालय आहे, वर अभ्यासिका आहे, स्पर्धा परीक्षेची पोरं सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत बसून राहतात. उन्हाळ्यात लाईट बिल एवढं येऊन राहिलं की वर्गणी सगळी त्यातच जाते. एक सोलरवाला येऊन गेला, म्हणे १० किलोवॅट लावा, ७८ हजार सबसिडी मिळते, बिल झिरो होते. कमिटीत दोन गट पडले. लावायचं की नाही ते एकदा सांगून टाका. (कार्यवाह, मानेवाडा)

उत्तर: कार्यवाह भाऊ, सोलर लावा पण सगळ्यात शेवटी लावा. आधी त्या ७८ हजारांचं बघू. ती रक्कम प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतली आहे, फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली, अन् ती योजना घरांसाठी आहे, घरावर ३ किलोवॅट किंवा जास्त लावलं तर ७८ हजार. हाउसिंग सोसायटीच्या कॉमन वापरासाठी त्याच योजनेत किलोवॅटमागे १८ हजार आहेत. वाचनालय घरगुती ग्राहक नाही, त्यामुळे त्या माणसाला म्हणा की सबसिडी कोणत्या नियमाखाली मिळते ते लिहून दे, मग बोलू. आणि बिल झिरो होते हेही पूर्ण खरं नाही, युनिट शून्यावर आले तरी स्थिर आकार भरावाच लागतो.

आता बिल काढा अन् वरचा टॅरिफचा कोड वाचा. महावितरणची पब्लिक सर्व्हिसेस म्हणून वेगळी वर्गवारी आहे, त्यात शाळा-दवाखान्यांसोबत सार्वजनिक वाचनालयं पण येतात. मी एका संस्थेचं बिल बघितलं तर ते बिचारे कित्येक वर्षं कमर्शिअलच्या दरानं भरत होते, कनेक्शन घेताना खाली दुकान होतं, दुकान गेलं पण कोड तसाच राहिला, कोणाच्या लक्षातच आलं नाही. तुमचा कोड चुकला असेल तर एक अर्ज अन् नोंदणीचे कागद एवढ्यात काम होते, एक पंखाही बदलावा लागत नाही.

मग दुसरं काम. रात्री दहाला अभ्यासिका बंद झाली की मीटरचं रीडिंग एका वहीत लिहा, सकाळी सातला उघडायच्या आधी परत लिहा. असं आठवडाभर करा. इमारतीत माणूस नाही तर मीटरही जवळपास थांबलेलंच पाहिजे ना. शहरातल्या एका समाजभवनात आम्ही हे केलं होतं, कुलूप लावलेलं, आत कोणी नाही अन् सकाळपर्यंत ९ युनिट पळाले. शोधलं तर टाकी भरली की पंप बंद करणारा फ्लोट बिघडलेला, पंप रात्रभर चालू, पाणी गच्चीवरून पन्हाळीतून सरळ नालीत जात होतं, वर वॉटर कूलर चोवीस तास थंड करत बसलेला. वीज पण गेली, पाणी पण गेलं, उन्हाळ्यात. फ्लोट बदलायला काहीशे रुपये लागले, वॉटर कूलरला टायमर लावला. माझ्या नोकरीतल्या सगळ्या वर्षांत एवढ्या कमी पैशात एवढी बचत मी फार कमी वेळा बघितली.

तिसरं म्हणजे पंखे मोजा. समजा ४० पंखे आहेत, जुना पंखा ७५ वॅट खातो, नवीन बीएलडीसी, म्हणजे ब्रशलेस मोटरचा पंखा ३० वॅटच्या आसपास, हवा तेवढीच. म्हणजे पंख्यामागे ४५ वॅट वाचले, ४० पंख्यांचे १८०० वॅट, दिवसाला सरासरी १० तास धरले तर १८ युनिट रोजचे, वर्षात ३०० दिवस धरा, ५४०० युनिट. युनिटला १० रुपये पकडले तर ५४ हजार रुपये वर्षाला. पंखा ३ हजाराचा धरला तरी १ लाख २० हजार खर्च, म्हणजे सव्वादोन वर्षांत वसूल. आता हेच दुसऱ्या बाजूनं बघा, नागपुरात १ किलोवॅट सोलर वर्षभराच्या सरासरीनं दिवसाला साधारण ४ युनिट देते, मग रोजचे १८ युनिट बनवायला साडेचार किलोवॅटचं सोलर लागलं असतं. पंखे बदलले तर तेवढं सोलर विकत घ्यायची गरजच राहिली नाही! ट्यूबलाईटचा हिशेब पण असाच, चोकवाली जुनी पट्टी ५० वॅटच्या वर घेते, एलईडी २० मध्ये काम करते. हे सगळं झाल्यावर जे बिल उरेल त्याच्यावर सोलरचा साईज ठरवा, बहुतेक १० किलोवॅटच्या ऐवजी ४-५ मध्ये भागेल, अन् कमिटीतले दोन्ही गट एकाच कागदावर सही करतील असं मला वाटते.

सोलर लावताना एक लक्षात ठेवा, मे महिन्यात सगळ्यात जास्त वीज बनते असं लोकांना वाटते, पण पॅनलला उजेड पाहिजे, उष्णता त्याला चालत नाही. बाहेर ४५ असताना गच्चीवरचं पॅनल ६५ च्या वर तापते अन् २५ अंशाच्या वर दर अंशाला अंदाजे ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटते, म्हणजे ४० अंश जास्त तापलं की १२ ते १६ टक्के गेलेच. म्हणून पॅनल गच्चीला चिकटवून बसवू देऊ नका, खालून वारा गेला पाहिजे. अन् धूळ पहाटे धुवा, दुपारी तापलेल्या काचेवर थंड पाणी टाकू नका.

प्रश्न: मी एका सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. ओपीडीच्या बाहेर पेशंट बसायचा मोठा हॉल आहे, तीन मोठे कूलर लावलेत तरी दुपारी घामाच्या धारा. आता वर्गणी करून एसी बसवा असं सगळे म्हणून राहिले. एवढ्या मोठ्या हॉलला एसी लावला तर बिल कोण भरणार हा प्रश्न आहेच. कूलर काहून काम करत नाहीत? (एक सिस्टर, वर्धमान नगर)

उत्तर: सिस्टर, तुमच्या पत्रात शेवटच्या ओळीत तुम्ही लिहिलंय की ऊन येते म्हणून हॉलच्या सगळ्या खिडक्या बंद ठेवतो. तिथंच गडबड आहे. कूलर हवा थंड करते पण सोबत ओलावा सोडते, ती ओली हवा दुसऱ्या बाजूनं बाहेर गेली नाही तर तासाभरात हॉलची हवा दमट होऊन जाते, मग कूलर कितीही फिरवा, पाण्याची वाफच होत नाही अन् अंगावरचा घामही सुकत नाही. कूलर आत हवा टाकते त्याच्या समोरच्या भिंतीतल्या खिडक्या उघड्या ठेवा, वरच्या झरोक्यात एक्झॉस्ट असेल तर चालू करा. कूलर खोलीच्या आत ठेवून तीच हवा फिरवत असाल तर तो आधी खिडकीबाहेर काढा. आपल्या आज्या वाळ्याच्या ताट्या दारात लावून पाणी मारायच्या तेव्हा मागचं दार उघडं ठेवायच्या, ते उगाच नाही.

आपल्या भागात कूलरची ताकद किती आहे ते बघा. मे महिन्यात ४४ अंश तापमान अन् १५ टक्के आर्द्रता असली तर ओल्या कापडाचं तापमान, म्हणजे पाणी उडून उडून जास्तीत जास्त जिथपर्यंत थंडावा येऊ शकतो तो आकडा, २३ च्या आसपास निघतो. चांगला कूलर त्या फरकाच्या ८० टक्के तरी गाठतो, म्हणजे तोंडाशी २७-२८ अंशाची हवा. ही गोष्ट मुंबईत होणार नाही, तिथं हवाच ओली. अन् खर्च बघा, मोठा कूलर २००-२५० वॅट, दीड टनाचा एक एसी दीड किलोवॅटच्या आसपास, अन् एवढ्या हॉलला असे पाच-सहा लागतील, त्यात ओपीडीचं दार दिवसभर उघडंच राहणार, म्हणजे थंड हवा रस्त्यावर.

पण जुलैचं वेगळं. पाऊस पडला, ३२ अंश अन् ७५ टक्के आर्द्रता, तेव्हा कूलरनं फक्त चिकचिक होते. तेव्हा पाण्याची मोटर बंद करून नुसता पंखा फिरवा, छताचे पंखे जोरात ठेवा. एसी घ्यायचाच असेल तर हॉलसाठी नाही, आतल्या ड्रेसिंग रूमसाठी, बाळंतिणीच्या खोलीसाठी घ्या, जिथं दार बंद राहते, अन् २४ वर ठेवा. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या हिशेबानं एक अंश वर ठेवला की ६ टक्क्यांच्या आसपास वीज वाचते.

अजून दोन कामं आहेत. छत वरून स्लॅबचं असेल तर उन्हाळ्याच्या आधी पांढरा चुना किंवा कूल रूफचा पेंट मारून घ्या, वरच्या मजल्यावर फरक हाताला जाणवतो, संध्याकाळी स्लॅबमधून जी धग खाली येते ती कमी होते. अन् कूलरची टाकी दर आठवड्याला रिकामी करून, घासून, कोरडी करा. दवाखान्याच्या कूलरमध्येच डेंग्यूचे डास व्हावेत हे मला सहनच होत नाही, म्हणून एवढं कळकळीनं लिहून राहिलो. हे सगळं करून पंधरा दिवस बघा ताई, मग वर्गणीचं ठरवा.

प्रश्न: काका, मी नववीत आहे. आमच्या सरांनी सांगितलं की मेट्रो ब्रेक मारते तेव्हा वीज तयार होते. मग मेट्रोनं सारखे ब्रेक मारले तर फुकट वीज मिळेल का? (एक विद्यार्थी, कामठी)

उत्तर: बेटा, प्रश्न खूप छान विचारलास. फुकट नाही मिळणार, कारण ब्रेक मारायच्या आधी गाडी पळवावी लागते अन् पळवायला वीज लागते. ब्रेक मारताना त्यातली काही परत मिळते, एवढंच. पण ते "एवढंच" किती आहे ते हिशेबानं बघ. समजा माणसांसकट गाडीचं वजन १२० टन आहे अन् ती ताशी ६० किलोमीटरनं येऊन राहिली. तुमच्या पुस्तकातलं सूत्र लाव, अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, वेग आधी मीटर प्रति सेकंदात कर. उत्तर जूलमध्ये येईल, ३६ लाख जूल म्हणजे एक युनिट, तसं केलं की साडेचार युनिटांच्या वर ऊर्जा निघेल. साडेचार युनिटांत घरचा ७५ वॅटचा पंखा ६० तास फिरतो. जुन्या पद्धतीचा ब्रेक चाकाला घासतो अन् ही सगळी ऊर्जा उष्णता बनून उडून जाते, दर स्टेशनला.

मेट्रोत काय करतात तर जी मोटर चाक फिरवते तीच मोटर थांबताना जनरेटरसारखी वापरतात, चाक मोटरला फिरवते, त्यातून वीज निघते अन् चाकाचा वेग कमी होतो. सायकलचा डायनॅमो टायरला लावला की पायडल जड होते ना, तसंच. सगळी ऊर्जा परत येत नाही, पण मोठा भाग येतो. शेवटचे काही मीटर साधाच ब्रेक लागतो कारण वेग फार कमी झाला की मोटर नीट थांबवू शकत नाही.

आता ती वीज जाते कुठं? वरच्या तारेत. नागपूर मेट्रोची तार २५ हजार व्होल्टची एसी आहे, थंड हवेचा एसी नाही, सारखी दिशा बदलणारी वीज, घरात येते तशी. जवळच दुसरी गाडी स्टेशनवरून निघत असेल तर ती हीच वीज घेते. कोणी घेणारं नसेल तर एसी असल्यामुळे सबस्टेशनच्या ट्रान्सफॉर्मरमधून उलटी वर जाऊ शकते. बंगळुरूच्या मेट्रोला वरची तार नाही, रुळाच्या बाजूला ७५० व्होल्ट डीसीचा, म्हणजे एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेचा तिसरा रूळ आहे, तिथं सबस्टेशनात एसीचं डीसी करायचा रेक्टिफायर असतो अन् तो एकाच दिशेनं वीज जाऊ देतो, म्हणून तिथं दुसरी गाडी जवळ नसेल तर वेगळी सोय करावी लागते. दिल्ली मेट्रोनं ब्रेकमधून परत मिळवलेल्या या विजेसाठी संयुक्त राष्ट्रांच्या योजनेत २००७ मध्ये नोंदणी करून प्रदूषण कमी केल्याबद्दलचे कार्बन क्रेडिट मिळवले, असं करणारा जगातला तो पहिला रेल्वे प्रकल्प होता.

अन् तुला एक अजून गंमत सांगतो जिच्यात मोटरही लागत नाही. लंडनची व्हिक्टोरिया लाईन १९६८ मध्ये सुरू झाली, तिची स्टेशनं जमिनीखाली असूनही थोड्या उंचवट्यावर बांधली आहेत. गाडी स्टेशनकडे येताना चढ चढते, आपोआप हळू होते, निघताना उतार मिळतो, आपोआप पळते. सायकलवर सेमिनरी हिल्सचा चढ चढून उतरलास कधी? तेच तत्त्व. सरांना हे सांग, त्यांनाही आवडेल.

प्रश्न: पौर्णिमेच्या रात्री महापालिका अन् स्वयंसेवी लोक एक तास दिवे बंद करायला सांगतात. एका तासानं काय होते? (धरमपेठ)

उत्तर: युनिटमध्ये बघाल तर थोडंच होते, पण मी त्याच्या बाजूचा आहे, कारण दुकानदार स्वतः उठून बोर्डाचा लाईट बंद करतो अन् त्याला कळते की हा बटण माझ्या हातात आहे. खरी मोठी गळती दिवसा आहे. सकाळी आठ वाजता उन्हात रस्त्यावरचे दिवे चालू दिसले तर खांबाचा नंबर टिपून कळवा. ७० वॅटचे १०० दिवे रोज एक तास फुकट जळले तर दिवसाला ७ युनिट, महिन्याला २१०, अन् त्याला पौर्णिमेची वाटही बघावी लागत नाही.

प्रश्न: सर, मी बेस्याला राहतो, ऑफिस शंकर नगरला. मेट्रो चांगली आहे, स्वच्छ आहे, एसी आहे, मान्य. पण उज्ज्वल नगर स्टेशन माझ्या घरापासून साडेतीन-चार किलोमीटर. ऑटोवाला मेट्रोच्या तिकिटाच्या दुप्पट-तिप्पट घेते. मे महिन्यात पायी जायचं म्हटलं तर जीव जाईल. मग शेवटी स्कूटर काढतो अन् सरळ ऑफिसला जातो. आम्ही गाडी वापरतो म्हणून प्रदूषण होते असं सगळे ऐकवतात, पण एवढे हजारो कोटी खर्च करून बांधलेली मेट्रो माझ्या कामाची नाही त्याचं काय? (बेसा)

उत्तर: भाऊ, तुमचा राग योग्य आहे अन् या अंकातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुमचाच आहे असं मी मानतो, म्हणून जरा लांब लिहितो.

आधी ऊर्जेचा हिशेब. आकडे समजण्यापुरते गोल धरतो. मेट्रोची गाडी एका किलोमीटरला १० युनिट घेते असं समजा. गाडीत ५० माणसं असली तर माणशी, किलोमीटरमागे ०.२ युनिट. तीच गाडी ४०० माणसं घेऊन गेली तर ०.०२५. आता तुमची स्कूटर. लिटरला ४५ किलोमीटर देते म्हणा, पेट्रोलच्या लिटरमध्ये ९ युनिटांच्या आसपास ऊर्जा असते, म्हणजे किलोमीटरला ०.२. पण थांबा, मेट्रोची वीज कुठून येते तेही धरलं पाहिजे. स्टेशनांच्या छपरांवर सोलर पॅनल आहेत, ती चांगली गोष्ट आहे, पण आपल्या भागातली बरीचशी वीज कोळशाचीच, कोराडी अन् खापरखेड्याच्या चिमण्या कामठी रोडवरून दिसतातच. कोळशातून एक युनिट वीज काढायला अडीच ते तीन युनिटांइतकी उष्णता जाळावी लागते. ते धरलं तर ५० माणसांची मेट्रो माणशी ०.५ च्या वर जाते, तुमच्या स्कूटरपेक्षा अडीच पट वाईट! अन् ४०० माणसांची मेट्रो ०.०७ वर येते, स्कूटरच्या एक तृतीयांश. माझ्या या हिशेबात दीडशेच्या आसपास माणसं बसली की मेट्रो एकट्या स्कूटरवाल्याच्या पुढं निघते, त्याच्या खाली नाही. स्कूटरवर दोघं असतील तर मेट्रोला अजून दुप्पट माणसं पाहिजेत. स्टेशनवरचे दिवे, लिफ्ट, सरकते जिने यांची वीज तर मी यात धरलीच नाही, ती गाडीत ५ माणसं असो की ५००, लागतेच.

म्हणून मी म्हणतो की बेसा चौकातून उज्ज्वल नगर स्टेशनला दर दहा मिनिटांनी सुटणारी छोटी बस हा ऊर्जा बचतीचाच इंजिनिअरिंग प्रकल्प आहे, तितकाच जितका ब्रेकमधून वीज काढणं आहे. ब्रेकमधून परत आलेली वीज गाडीच्या खर्चाचा एक भाग वाचवते, पण माणसं ५० वरून ४०० झाली तर माणशी खर्च आठ पट खाली येतो. मोटरमध्ये असं आठ पट सुधारणारं कोणतंच तंत्रज्ञान नाही, कारण मोटर आधीच ९० टक्क्यांच्या वर कार्यक्षम आहे. जे काही मिळवायचं आहे ते स्टेशनच्या बाहेर आहे, त्या चार किलोमीटरमध्ये.

आपलं पहिलं काम झालं आहे. मार्च २०१९ मध्ये खापरी ते सीताबर्डी गाडी सुरू झाली, ११ डिसेंबर २०२२ ला पहिला टप्पा पूर्ण झाला, एक लाईन ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी, दुसरी प्रजापती नगर ते लोकमान्य नगर, दोन्ही बर्डीला एकमेकींना छेदतात. वर्धा रोडवर खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल, वर मेट्रो, असा ३.१४ किलोमीटरचा डबल डेकर पूल उभा केला, गिनीज बुकात नोंद झाली, अभिमान वाटावा असंच काम आहे. दुसऱ्या टप्प्याचे ४३.८ किलोमीटर मंजूर आहेत, कन्हान, बुटीबोरी, हिंगणा अन् कापसीकडे. पण लाईन कितीही वाढवली तरी बेसा, मानेवाडा, हुडकेश्वर, नरसाळा इकडचा माणूस रुळापासून लांबच राहणार, शहर अधिक चिन्हासारख्या दोन रेषांवर वसलेलं नाही.

त्यात आपलं ऊन. दुसऱ्या शहरात सांगतात की स्टेशनपासून अर्धा किलोमीटर माणूस आरामात चालतो. नागपुरात एप्रिल-मे मध्ये दुपारी बाराला अर्धा किलोमीटर डांबरावर चालून बघा! रुमाल डोक्याला बांधून, खिशात कांदा ठेवूनही जमत नाही. मी शंकर नगर स्टेशनवर नेहमी उतरतो, जिकडं झाडं आहेत तिकडच्या बाजूनं माणसं चालत जाताना दिसतात, रस्ता ओलांडून सावलीकडे जातात. म्हणजे कडुलिंबाची एक रांग मेट्रोला प्रवासी आणून देते हे मी डोळ्यानं बघितलं आहे. रस्ता रुंद करताना तीच झाडं आधी जातात याचं मला फार वाईट वाटते. फुटपाथ सलग पाहिजे, त्यावर विजेच्या डीपी अन् दुकानाचे बोर्ड नको, वर सावली पाहिजे, हे मेट्रोच्या प्रकल्प अहवालातच धरायला पाहिजे, नंतर सुशोभीकरण म्हणून नाही.

आता तुम्ही काय करू शकता. तुमच्या सोसायटीत, आजूबाजूच्या दोन-तीन सोसायट्यांत एक कागद फिरवा, तीनच रकाने, सकाळी किती वाजता निघता, कुठं जाता, परत किती वाजता. शंभर-दोनशे माणसांचे वेळ एका कागदावर आले की बसची गरज कुठल्या वेळेला आहे ते आपोआप दिसते, बहुतेक साडेआठ ते साडेदहा अन् संध्याकाळी साडेपाच ते आठ. हा कागद महापालिकेच्या परिवहन विभागात द्या, "आपली बस" ही शहर बससेवा त्यांच्याकडे आहे, अन् एक प्रत मेट्रोच्या कार्यालयात. नुसतं "बस पाहिजे" असं निवेदन फायलीत जाते, पण वेळ अन् माणसं लिहिलेला कागद वेळापत्रक बनवणाऱ्याच्या कामाला येतो. अन् बस मेट्रोच्या वेळेशी जुळलेली पाहिजे हे ठासून लिहा. गाडी येऊन गेल्यावर दोन मिनिटांनी पोचणारी बस लोक तीन दिवस वापरतात, चौथ्या दिवशी स्कूटर काढतात, तुमच्यासारखंच, अन् त्यात त्यांची चूक नाही.

तोपर्यंत स्कूटर स्टेशनपर्यंत नेऊन तिथं पार्किंगला लावता येत असेल तर तसं करून बघा. दहा-अकरा किलोमीटरच्या ऐवजी चारच किलोमीटर पेट्रोल जळते.

प्रश्न: सर, आम्ही तीन मित्र इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला आहोत. सगळे सोलर ट्रॅकर नाहीतर स्मार्ट स्ट्रीट लाईटचं मॉडेल बनवून राहिले. आम्हाला काहीतरी खरं काम करायचं आहे जे शहरात कुठं तरी वापरलं जाईल, पैसे फार नाहीत. विषय सुचवा. (हिंगणा रोड)

उत्तर: पोरांनो, पाण्याचा पंप घ्या. नागपूरचं बरंचसं पाणी पेंचवरून येते, शुद्ध होते, टाक्यांत चढते, मग प्रत्येक शाळेत, वसतिगृहात, दवाखान्यात परत खालच्या टाकीतून वरच्या टाकीत चढते, प्रत्येक पायरीवर पंप आहे अन् प्रत्येक पंप वीज खातो. अन् वापरलेलं पाणी पण वाया जाऊ न देता भांडेवाडीला शुद्ध करून कोराडीच्या वीज केंद्राला देतात, ते तर नक्की बघून या, पाणी अन् वीज कसे एकमेकांत गुंतलेत ते तिथं कळते.

पण तुम्ही छोटं घ्या, एक वसतिगृह, एक पंप. पुस्तकात तुम्ही शिकलात की पंपाची पॉवर वेगाच्या घनाच्या प्रमाणात जाते, वेग ८० टक्के केला तर पॉवर ५१ टक्के. हे वाचून सगळे जिथं तिथं व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र, लावा म्हणतात. इथं फसू नका. तो नियम पाइपमधल्या घर्षणाच्या विरुद्ध पंप चालतो तेव्हा बरोबर लागू होतो, जसं एसी प्लांटचं फिरतं पाणी. पाणी चार मजले वर चढवायचं असेल तर बहुतेक ताकद नुसत्या उंचीसाठी लागते, वेग कमी केला तर एका मर्यादेखाली पाणी वर पोचतच नाही, पंप गरगर फिरतो अन् वीज खातो. तिथं व्हीएफडीपेक्षा योग्य मापाचा पंप लावणं जास्त फायद्याचं. आपल्याकडे पाच मीटर जास्तीचं हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, धरून, वर पुन्हा एक एचपी जास्त धरून पंप घेतात अन् मग व्हॉल्व्ह अर्धा बंद करून चालवतात. असा अर्धा बंद व्हॉल्व्ह दिसला की समजा तुमचा प्रोजेक्ट तिथंच आहे.

सामान कमी लागते. पॉवर मोजणारं क्लॅम्प मीटर कॉलेजच्या लॅबमधून घ्या, नुसता करंट मोजून पॉवर काढू नका, पॉवर फॅक्टर सोबत मोजा. टाकीची लांबी-रुंदी टेपनं मोजा, पंप चालू करून दहा मिनिटांत पाणी किती सेंटिमीटर चढलं ते बघा, त्यावरून लिटर निघतात, फ्लो मीटरची गरजच नाही. उंची मोजा, किंवा डिलिव्हरी लाईनवर प्रेशर गेज लावा. हजार लिटर पाणी १० मीटर चढवायला सिद्धांतानं ०.०२७ युनिट लागते, तुमचं वसतिगृह १५ मीटर उंच असेल तर ०.०४ च्या आसपास. आता प्रत्यक्षात किती लागून राहिलं ते मोजा. ०.०८ लागलं तर पंप अन् मोटर मिळून ५० टक्के कार्यक्षम, छोट्या पंपासाठी ठीक. ०.१५ लागलं तर काहीतरी बिघडलं आहे, इम्पेलर म्हणजे पंपातलं फिरतं चाक घासलेलं आहे, खालच्या पाइपच्या तोंडाचा फूट व्हॉल्व्ह गळतो आहे, पाइप गंजून अरुंद झाला आहे किंवा पंपच चुकीचा आहे, ते शोधून काढा.

एका पंपाचं झालं की त्याच पद्धतीनं अजून नऊ करा, शाळा, दवाखाना, समाजभवन, जिथं परवानगी मिळेल तिथं. परवानगी मागताना "ऑडिट" शब्द वापरू नका, लोक घाबरतात, "तुमच्या पंपाची वीज मोजून देतो, फुकट" असं म्हणा, चहा पाजून पंपघराची किल्ली देतील. दहा पंपांचा एक तक्ता बनवा, प्रत्येकासमोर हजार लिटरमागे किती युनिट ते लिहा अन् सगळ्यात वाईट पंप ज्याचा निघेल त्या संस्थेला आधी जाऊन भेटा. मोजमाप मार्चमध्ये सुरू करा, तेव्हा पंप दिवसातून जास्त वेळ चालतात अन् तुम्हाला वाट बघावी लागत नाही. तक्ता झाला की मला इथं पाठवा, मी पूर्ण वाचेन अन् काही चुकलं असेल तर लिहून कळवेन.